दर आठवड्याला पाणी मागणारी बॅटरी: एका प्रकरणाचा अभ्यास

गाडी नऊ वर्षांची, पेट्रोलवर चालणारी. बॅटरी १२ व्होल्टची, ४५ अँपिअर-तासांची, वरून सहा बुचे उघडता येतील अशी आणि अवघी अकरा महिने वापरलेली. तक्रार अशी की सकाळी स्टार्टर जड फिरतो, लांबच्या प्रवासानंतर बॉनेटखालून कुजक्या अंड्यासारखा वास येतो आणि बॅटरीला दर आठवड्याला पाणी लागते. याआधीची बॅटरीही याच तक्रारीपायी चौदा महिन्यांत बदलली गेली होती, आणि नवी बसवल्यावर जेमतेम दोन-तीन महिने बरे गेले होते. गाडीचे मालक माझ्याहून वयाने मोठे, अत्यंत नीटनेटके गृहस्थ. गाडी माझ्या स्वाधीन करताना त्यांनी पहिले वाक्य उच्चारले ते असे: "पाणी भरण्यात माझ्याकडून एकदाही कसूर झालेली नाही, हे आधी लिहून घ्या." ते अक्षरशः खरे होते, आणि या प्रकरणातील निम्मी गुंतागुंत त्या खरेपणातूनच आलेली होती.

मालकांनी तोपर्यंत दोन ठिकाणी गाडी दाखवली होती. पहिल्या ठिकाणी इंजिन चालू करून बॅटरीच्या टोकांवर मल्टिमीटर लावला गेला, १४.५ व्होल्ट दिसले आणि चार्जिंग ठीक असल्याचे सांगण्यात आले. दुसऱ्या ठिकाणी रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी मोजली गेली, ती साडेबारा व्होल्टच्या आतच भरली, म्हणून बॅटरी पुरती चार्ज होत नाही असे निदान झाले आणि कोणीतरी "पाणी पातळ झाले आहे" म्हणत मधल्या दोन कप्प्यांत आम्ल ओतले. उरलेल्या चार कप्प्यांत का ओतले नाही, याचे उत्तर मालकांना आठवत नव्हते. बहुधा बाटलीच संपली असावी. एकाच्या मते चार्जिंग ठीक होते, दुसऱ्याच्या मते अपुरे होते. प्रत्यक्षात ते प्रमाणाबाहेर जास्त होते, हे दोघांच्याही आकड्यांतून का दिसले नाही, हाच या प्रकरणाचा गाभा आहे.

पहिली पाहणी

बुचे उघडताच प्रत्येक कप्प्यातील पातळी थेट बुचाच्या गळ्यापर्यंत आलेली दिसली. बुचांची खालची बाजू ओली होती, झाकणावर चिकट ओलसरपणा होता, खालच्या पत्र्याच्या तबकाचा रंग उडून गंज धरला होता आणि धन टोकाभोवती निळसर-पांढऱ्या भुकटीचा जाड थर साचला होता. ती निळसर झाक तांब्याच्या सल्फेटची असते. आम्लाचा ओलावा टोकाच्या फटीतून वर चढून तारेच्या तांब्यापर्यंत पोहोचल्याची ती खूण असते. स्टार्टर फिरवताना बॅटरीच्या शिशाच्या टोकावर ९.३ व्होल्ट आणि त्यावरच बसवलेल्या पकडीवर ८.६ व्होल्ट मोजले गेले. म्हणजे टोक आणि पकड यांच्या मधल्या त्या थरातच ०.७ व्होल्ट खर्ची पडत होते. सकाळच्या जडपणाचे एक कारण इतके उघड्यावर बसलेले होते.

त्यानंतर हायड्रोमीटरने, म्हणजे द्रवाची घनता मोजणाऱ्या तरंगत्या नळीने, प्रत्येक कप्प्याचे विशिष्ट गुरुत्व, कारागिरांच्या भाषेत ग्रॅव्हिटी, पाहिली. द्रव पाण्याच्या किती पट जड आहे हे ती सांगते, आणि आम्ल जितके जास्त तितका आकडा मोठा. धन टोकाकडून क्रमाने आकडे असे मिळाले: १.२१५, १.२१०, १.२८५, १.२८०, १.२१५ आणि १.२१०. या बॅटरीच्या उत्पादकाने पूर्ण चार्ज अवस्थेसाठी १.२६० हा आकडा दिलेला आहे. एरवी दोन कप्प्यांत ०.०५० किंवा त्याहून अधिक फरक दिसला, तर कमी आकड्याचा कप्पा निकामी होत चालला आहे असे समजतात. येथे फरक ०.०७५ होता. परंतु एकाच वेळी चार कप्पे सारखेच बिघडावेत आणि दोनच चांगले राहावेत, तेही उत्पादकाच्या आकड्याच्या वर जाऊन, हे संभवत नव्हते. आम्ल कोणत्या कप्प्यांत ओतले गेले होते, हे या आकड्यांनीच सांगितले.

आता प्रश्न उरला तो चार कप्प्यांचा. ग्रॅव्हिटी कमी असण्याची कारणे दोन असू शकतात. बॅटरी उतरलेली असेल तर आम्लातील सल्फेट कप्प्यातील धन आणि ऋण अशा दोन्ही प्रकारच्या शिशाच्या प्लेट्सवर शिशाच्या सल्फेटच्या रूपाने बसलेले असते, द्रवात पाणी वाढलेले असते, आणि चार्ज केल्यावर तेच सल्फेट पुन्हा द्रवात उतरते. दुसरे कारण असे की आम्ल कप्प्यातून कायमचे बाहेर गेलेले असते. या दोहोंतला फरक ओळखण्याची रीत सोपी असली तरी वेळखाऊ आहे: बॅटरी मंद गतीने चार्ज करायची आणि ग्रॅव्हिटी चढते का ते पाहायचे. मोकळ्या हवेत, बुचे सैल ठेवून, ४ अँपिअरने चार्जिंग सुरू केले. द्रव तापला की हायड्रोमीटर थोडे कमी दाखवतो, म्हणून दर दहा अंश सेल्सिअसमागे सुमारे ०.००७ मिळवून आकडे दुरुस्त करत गेलो. अर्ध्या तासातच सर्व कप्प्यांतून बुडबुडे येऊ लागले, आणि पुढे तासातासाने घेतलेली तीन वाचने सारखीच आली: १.२२०, १.२१५, १.२९०, १.२८५, १.२२०, १.२१५. सर्वत्र वाढ केवळ ०.००५.

याचा अर्थ बॅटरी आधीपासूनच जवळजवळ पूर्ण चार्ज होती. चार कप्प्यांतील सुमारे १५ टक्के आम्लच नाहीसे झाले होते. विश्रांतीनंतर एका कप्प्याचे व्होल्टेज हे साधारणपणे त्याच्या ग्रॅव्हिटीत ०.८४ मिळवून येते. सहाही कप्प्यांची बेरीज १२.४८ भरते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मीटरवर तेवढेच दिसले. निरोगी बॅटरीत १२.४ ते १२.५ व्होल्ट म्हणजे साधारण पाऊण भरलेली बॅटरी. दुसऱ्या ठिकाणच्या कारागिराने तोच अर्थ लावला होता. तो नियमाला धरून होता. फक्त नियम ज्या आम्लाच्या भरवशावर उभा आहे, ते आम्लच या बॅटरीत उरलेले नव्हते.

आम्ल गेले कसे, हे भरण्याच्या पद्धतीवरून समजते. चार्ज होत असताना प्लेट्सच्या सूक्ष्म छिद्रांत वायूचे बुडबुडे तयार होतात, ते द्रवाला वर ढकलतात, शिवाय उष्णतेने द्रव थोडा प्रसरण पावतो. त्यामुळे पातळी काही मिलिमीटर वर येते, आणि त्यासाठीच प्लेट्सच्या वर साधारण १० ते १५ मिलिमीटर द्रव ठेवून त्यावर मोकळी जागा सोडलेली असते. मालक मात्र सकाळी, थंड बॅटरीत, गळ्यापर्यंत पाणी भरत आणि लगेच गाडी बाहेर काढत. वाढलेल्या द्रवाला बुचाच्या बारीक भोकावाचून वाट नसे. बाहेर जाताना तो आम्ल घेऊन जाई. त्याच्या जागी पुढच्या आठवड्यात शुद्ध पाणी येई. अशा दहा-बारा फेऱ्यांत आम्ल विरळ होणे अटळ होते. डिस्टिल्ड वॉटरच वापरायचे, प्लेट्स कधी उघड्या पडू द्यायच्या नाहीत, हे दोन्ही नियम त्यांनी कसोशीने पाळले होते. वरची खूण ओलांडायची नाही हा तिसरा नियम त्यांना कोणी सांगितला नव्हता, किंवा सांगितला असला तरी "थोडे जास्त असलेले बरे" या घरगुती शहाणपणापुढे तो टिकला नाही.

पाणी मोजण्याचा निर्णय

सांडून जाणारा द्रव हे आठवड्याच्या भरतीचे संपूर्ण स्पष्टीकरण होऊ शकत नव्हते, कारण वर सांगितलेला वास सांडण्याचा नसतो. बॅटरी अति चार्ज होऊन तापते तेव्हाच तो येतो. म्हणून द्रवाची पातळी पूर्ण चार्जनंतर सर्व कप्प्यांत वरच्या खुणेपर्यंत आणली, जास्तीचा द्रव काढून घेतला, टोके स्वच्छ केली आणि गाडी दोन आठवड्यांसाठी मालकांना परत दिली. अट एकच घातली: या काळात बुचे उघडायची नाहीत आणि गाडी किती तास चालली हे लिहून ठेवायचे. (या अटीने ते जरा अस्वस्थ झाले होते.) गाडी वीस तास चालली. परत आल्यावर ५० मिलिलिटरच्या प्लास्टिकच्या सिरिंजने, धातूची सुई न लावता, प्रत्येक कप्पा पुन्हा त्याच खुणेपर्यंत भरला आणि लागलेले पाणी टिपून घेतले: २४, २७, ३१, ३०, २६ आणि २३ मिलिलिटर. एकूण १६१.

या सहा आकड्यांत बरेच काही होते. पहिली गोष्ट अशी की पाणी सर्व कप्प्यांनी घेतले होते. एखादा कप्पा तडकलेला असता तर त्याच्या एकट्याची मागणी इतरांच्या कित्येक पट दिसली असती. मधल्या कप्प्यांना किंचित जास्त लागले, कारण त्यांच्या दोन्ही बाजूंना गरम शेजारी असतात आणि त्यांची उष्णता लवकर निघून जात नाही. दुसरी गोष्ट हिशेबाची. मायकेल फॅरडे यांनी १८३३-३४ मध्ये मांडलेल्या विद्युत-अपघटनाच्या नियमांनुसार पूर्ण चार्ज झालेल्या कप्प्यातून १ अँपिअर-तास वीज गेली की ०.३३६ ग्रॅम पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन होतात. सरासरी २७ मिलिलिटर पाणी म्हणजे सुमारे ८० अँपिअर-तास, आणि ते वीस तासांत, म्हणजे बॅटरी भरल्यानंतरही तिच्यातून सतत सरासरी ४ अँपिअर जात राहिले होते. थोडे पाणी बाष्परूपाने गेले असेल हे धरले तरी चित्र बदलत नाही. व्यवस्थित चालणाऱ्या गाडीत या आकाराच्या भरलेल्या बॅटरीत हा प्रवाह एक अँपिअरच्या खाली उतरलेला असतो. मीटर न लावता, केवळ सिरिंजवरच्या रेघा वाचून एवढे कळते, आणि तरीही पाणी भरणारे बहुतेक जण बाटलीतून अंदाजाने ओततात, याचे मला नेहमी नवल वाटत आले आहे.

दिवसा १४.५, रात्री १५.३

मग पहिल्या ठिकाणी १४.५ व्होल्ट कसे दिसले? १४.५ हा आकडा वरच्या मर्यादेला टेकलेला आहे खरा, पण त्याने एवढे पाणी उडत नाही. तीच मोजणी पुन्हा केली तेव्हा, इंजिन मिनिटाला साधारण २००० फेऱ्यांवर आणि बाकी सर्व बंद असताना, मलाही १४.५ व्होल्टच मिळाले. त्यानंतर पुढचे दिवे आणि पंखा चालू केला. अशा वेळी व्होल्टेज किंचित उतरावे अशी अपेक्षा असते. येथे ते १५.३ वर चढले. आणि चौकशी करता कळले की मालकांचा बहुतेक प्रवास सूर्यास्तानंतरचा आहे.

भार वाढवल्यावर चार्जिंगचे व्होल्टेज वाढते, याचा अर्थ रेग्युलेटर, म्हणजे चार्जिंगचे व्होल्टेज ठरावीक पातळीवर ठेवणारा भाग, स्वतः बिघडलेला नसून त्याला चुकीची माहिती मिळत आहे, असा होण्याची शक्यता मोठी असते. या गाडीत अल्टरनेटरची (इंजिनाच्या जोरावर वीज बनवणाऱ्या यंत्राची) मुख्य जाड तार थेट बॅटरीला जाते, परंतु व्होल्टेज किती आहे हे पाहणारी बारीक तार फ्यूजबॉक्समधून घेतलेली आहे. फ्यूजबॉक्सला वीज मिळते ती बॅटरीपासून निघालेल्या वेगळ्या तारेने, आणि ती तार एका बोल्टने कसलेली असते. दिवे व पंखा चालू ठेवून बॅटरीचे धन टोक आणि फ्यूजबॉक्समधील पट्टी यांच्यामध्ये मल्टिमीटर लावला, तेव्हा १.१ व्होल्ट दिसले. सर्व बंद असताना ०.३. रेग्युलेटर आपल्या समोरची पट्टी इमानाने १४.२ व्होल्टवर ठेवत होता. पट्टीपर्यंत येताना जेवढे व्होल्टेज वाटेत गळत होते, तेवढेच बॅटरीच्या माथी जास्तीचे बसत होते. भार जितका मोठा तितकी गळती मोठी, म्हणून दिवसाच्या तपासणीत दोष झाकला जाई आणि रात्रीच्या प्रवासात पाणी उकळल्यासारखे उडे. सामान्य तापमानाला एका कप्प्याचे व्होल्टेज २.४ च्या, म्हणजे सहा कप्प्यांचे १४.४ च्या पुढे गेले की वायू जोमाने सुटू लागतो. बॅटरी तापलेली असेल तर त्याहून आधीच.

बोल्ट उघडल्यावर त्याखालच्या तांब्याच्या कडीवर तीच निळसर भुकटी निघाली आणि भोवतालचे प्लास्टिक तपकिरी पडलेले दिसले. साहजिक आहे: सुमारे ३० अँपिअर प्रवाहात १.१ व्होल्टची गळती म्हणजे त्या एका सांध्यात ३० वॅटहून अधिक उष्णता. फ्यूजबॉक्स बॅटरीला अगदी खेटून बसवलेला आहे, आणि बुचांच्या भोकांतून निघणारा आम्लाचा तुषार नेमका त्याच कोपऱ्यावर पडत होता.

कोंबडी आधी की अंडे आधी, हा प्रश्न येथे खरोखरच उभा राहतो. माझा निष्कर्ष, जो आता सिद्ध करता येण्यासारखा नाही, असा की गळ्यापर्यंत भरण्याची सवय आधीची आहे. मागची बॅटरीही तशीच भरली जात होती. तिच्यातून सांडलेल्या आम्लाने सांधा खाल्ला, सांध्याने चार्जिंग वाढवले, चार्जिंगने पाणी संपवले आणि संपलेल्या पाण्याने मालकांना अधिक वेळा, अधिक उदारपणे भरायला लावले. नवी बॅटरी दोन-तीन महिने बरी चालली, कारण तिच्यात मूळचे आम्ल पूर्ण होते. सांध्याचा दोष पहिल्या दिवसापासून तिच्या वाट्याला आलेला होता.

दुरुस्ती, आणि जी केली नाही ती

कामाला हात घालण्यापूर्वी चष्मा आणि रबरी हातमोजे घातले, आधी ऋण आणि मग धन टोक सोडवले. जोडताना क्रम उलटा ठेवला, म्हणजे पाना चुकून पत्र्याला टेकला तरी ठिणगी पडत नाही. हायड्रोजन हवेत ४ टक्के असला तरी पेट घेऊ शकतो, आणि नुकत्याच चार्ज झालेल्या बॅटरीवर तेवढा सहज असतो. बुचे घट्ट लावून खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने झाकण, तबक आणि टोके धुतली. फेस येणे थांबेपर्यंत. बुचे उघडी ठेवून हे धुणे कधीही करू नये, कारण सोड्याचा एखादा ओघळही आत गेला तर उरलेसुरले आम्ल मारतो. तांब्याची कडी आणि बोल्ट बदलले, सर्व सांध्यांवर पेट्रोलियम जेली लावली. यानंतर बॅटरीवर सर्व बंद असताना १४.३ आणि दिवे-पंखा चालू असताना १४.२ व्होल्ट मिळाले.

आम्लाच्या बाबतीत थोडा विचार करावा लागला. मधल्या दोन कप्प्यांतले तीव्र आम्ल तसेच ठेवणे योग्य नव्हते. ते प्लेट्सची जाळी, म्हणजे त्यांचा शिशाचा सांगाडा, आणि प्लेट्सच्या मधले विभाजक लवकर खाते. एका कप्प्यात साधारण अर्धा लिटर द्रव धरून त्यातून ५० मिलिलिटर काढले, तेवढेच डिस्टिल्ड वॉटर घातले आणि मिसळण्यासाठी बॅटरी दोन तास चार्ज केली. पाणी हलके असल्याने ते वरच तरंगत राहते. चार्जिंगच्या बुडबुड्यांनी ढवळले जाईपर्यंत हायड्रोमीटरचे वाचन निरर्थक असते. दोन्ही कप्पे १.२६० आणि १.२५५ वर आले. काढलेला द्रव सोड्याने पूर्ण निष्क्रिय केल्यावरच टाकला.

चार विरळ कप्प्यांत मात्र आम्ल घातले नाही. पूर्ण चार्ज अवस्थेत, तयार मिळणाऱ्या मापाच्या द्रवाने ते करता येते, आणि काही जाणकार ते करतीलही. माझे मत असे पडले की कमी ग्रॅव्हिटीने क्षमता थोडी घटते, पण प्लेट्सना इजा होत नाही, उलट चुकीच्या मापाने आम्ल घातले तर हानी कायमची होते, आणि या बॅटरीवर तो प्रयोग आधीच एकदा झालेला होता. शिवाय अकरा महिन्यांच्या अति चार्जिंगने धन प्लेट्सची जाळी किती गंजली आहे, हे बाहेरून कळण्याला मार्ग नव्हता. मालकांना हे स्पष्ट सांगितले: बॅटरी गाडी चालवील, मात्र तिचे पूर्ण आयुष्य आता परत मिळणार नाही.

येथे एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. मालकांना मध्यंतरी बुचे नसलेली, पाणी न लागणारी बॅटरी घेण्याचा सल्ला मिळाला होता. अशा बॅटरीच्या जाळीत अँटिमनीऐवजी कॅल्शियम असते, त्यामुळे वायू फार कमी सुटतो, हे खरे. पण १५.३ व्होल्टच्या चार्जिंगवर तीही पाणी गमावते, आणि गमावलेले पाणी भरायला तिला तोंडच नसते. काहींना वर हिरवी खूण दाखवणारी काचेची खिडकी असते. ती फक्त एकाच कप्प्याची खबर देते. या गाडीत ती बसवली असती, तर पाण्याची तक्रार बंद झाली असती आणि वर्षभराने बॅटरी काहीही पूर्वसूचना न देता बसली असती.

पुढील आठ आठवड्यांत गाडी ऐंशी तासांच्या आसपास चालली. बुचे उघडली तेव्हा पातळी वरच्या आणि खालच्या खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेच्या जवळ होती. खुणेपर्यंत आणायला प्रत्येक कप्प्याला सरासरी ४ मिलिलिटर पाणी लागले, म्हणजे पूर्वीच्या हिशेबाने सुमारे ०.१५ अँपिअर. एवढ्यासाठी बुचे उघडायचीही गरज नव्हती. आता दोन महिन्यांतून एकदा पातळी पाहावी आणि ती खालच्या खुणेकडे झुकली तरच, गाडी चालवून आल्यावर, वरच्या खुणेपर्यंत भरावी, असे ठरले. प्लेट्स कधी उघड्या पडल्याच, तर चार्ज करण्यापूर्वी त्या जेमतेम बुडतील एवढेच पाणी घालायचे आणि उरलेले चार्जनंतर, हेही त्यात आले. स्टार्टर फिरवताना बॅटरीच्या टोकावर ९.९ आणि पकडीवर ९.८ व्होल्ट मिळतात.

एक तांत्रिक तिढा मात्र राहिला. तीव्र कप्पे विरळ केल्यामुळे पूर्ण चार्ज असलेल्या या बॅटरीचे विश्रांतीचे व्होल्टेज आता १२.४२ झाले आहे, जे पाहून कोणताही कारागीर तिला चार्जिंगला लावील. म्हणून मालकांनी एका चिठ्ठीवर "या बॅटरीला १२.४२ म्हणजे पूर्ण. आम्ल घालू नये." असे सुवाच्य अक्षरात लिहून, ती चिठ्ठी प्लास्टिकमध्ये घालून बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटवली आहे. शेजारीच त्यांची ५० मिलिलिटरची सिरिंज टांगलेली असते.